ताईच्या वतीने

अकरा वर्षं मी एकच गोष्ट शिकवत आलो: बोलू नका, बघा. मॅनेजमेंट कॉलेजातल्या मुलांना हे शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पोरं येतात ती कुणाला तरी काहीतरी विकायला शिकायला. माझा विषय सामाजिक उद्योजकता. वेळापत्रकात तो शुक्रवारी जेवणानंतर असतो, यावरून कॉलेजात त्याला किती भाव आहे ते समजून घ्या. पहिल्या तासाला मी विचारायचो, "ज्यांना नीट चालता येत नाही अशांसाठी काय करता येईल?" अर्ध्या तासात फळा भरायचा. ॲप, हेल्पलाइन, खास गाड्या, सवलतीचं कार्ड. मग मी विचारायचो, "तुमच्यापैकी किती जण एखाद्या लंगडणाऱ्या माणसाच्या चालीनं कधी रस्त्यावरून गेलेत?" एक हात वर व्हायचा नाही. मग मी फळा पुसायचो. तो फळा पुसायला मला फार आवडायचं, हे कबूल करतो.

त्यानंतर प्रत्येकाला मी दीड महिना एकेका कामाच्या जागी बसवायचो. तिथं सल्ला द्यायचा नाही, उपाय सुचवायचा नाही, फक्त दिसेल ते वहीत लिहायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर सक्तीचं होतं. दर शुक्रवारी मी वह्या तपासायचो आणि लाल पेनानं समासात लिहायचो: कशावरून? किती? कुणी सांगितलं? परत जाऊन विचार. दरवर्षी एका विद्यार्थ्याला तरी मी ताईच्या दुकानात पाठवायचो. तिथं बघण्यासारखं होतंच तसं.

ताई माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. बुटांच्या कारखान्यात तिनं वीस वर्षं फर्म्यावर चामडं चढवलं. फर्मा म्हणजे बूट ज्यावर बेततात तो लाकडी पाय. तिच्या पगारावर मी शिकलो. हे ती कधी बोलून दाखवत नाही, मीच वर्गात सांगतो, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. कारखाना बंद पडला तेव्हा तिनं बरोबरच्या तीन बायका घेऊन दोन खोल्यांचं दुकान काढलं. बाजारातला कुठलाच बूट ज्यांना होत नाही त्यांच्यासाठी. एक पाय आखूड असलेले, टाच वाकलेले, बोटं गेलेले, शुगरनं तळवे बधिर झालेले. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलातून तिथली डॉक्टरीणबाई चिठ्ठी देऊन माणसं पाठवायची आणि त्यावर चौघींचं चालायचं.

ताईची काम करायची रीत तिची स्वतःची होती. माप कधी सकाळी घ्यायची नाही. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, म्हणून दुपारी चारनंतर. माणूस रोज जी पिशवी हातात धरतो तीच घेऊन यायला सांगायची आणि ती धरूनच त्याला कागदावर उभा करायची, म्हणजे भार कुठल्या पायावर जातो ते कळतं. पेन्सिलीनं पायाची कड आखायची, आत बारीक अक्षरात काय काय लिहायची. बधिर तळव्याच्या माणसाला नव्या बुटात खडूची भुकटी टाकून अर्धा तास दुकानात फिरवायची आणि मग भुकटी कुठं दाबली गेली ते बघायची. "दुखतं का?" असं कुणालाही विचारायची नाही.

"विचारलं की लोक नाहीच म्हणतात," ती म्हणायची. "स्टुलावरून उठताना त्याचं तोंड बघ. तिथं सगळं येतं."

आखलेले कागद ती फायलींत ठेवायची. सहाशेच्या वर झाले होते. त्या फायली ती कुणाला हातात देत नसे. एकदा माझ्याच समोर एक बाई आपल्या शेजारणीचा कागद बघायला मागत होती, तर ताईनं तिला सरळ दाराकडे बोट दाखवलं. लोक आपला वाकडा पाय घरातल्यांपासूनही लपवतात, असं तिचं म्हणणं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे पाठवली ती मुलगी म्हणजे पेन्सिल. काटकुळी, उंच, कानावर सदैव पेन्सिल खोचलेली, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. अकरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांत अशी एकच. बाकीचे दीड महिना कसाबसा ढकलायचे, ही पाच महिने जात राहिली. ताईनं तिला आरी धरायला शिकवली, चामड्याला बोटानं ताण देऊन त्याची दिशा ओळखायला शिकवली. पुढे फायली लावून ठेवायचं कामही ताईनं तिच्या एकटीवर सोपवलं. ती ताईला मावशी म्हणायची. ताई मला फोनवर सांगायची, "पोरगी गुणी आहे रे. इतके प्रश्न विचारते, पण दुसऱ्या दिवशी उत्तर विसरलेली नसते." ते प्रश्न माझे होते. खडू किती? बोटभर म्हणजे किती, तुझं बोट की मावशीचं? टाच कुणाची उचलायची आणि कुणाची नाही, हे त्या कशावरून ठरवतात? परत जाऊन विचार. ताईनं आयुष्यात कधी लिहून ठेवलं नव्हतं ते सगळं पेन्सिलच्या तीन वह्यांत उतरलं. मी प्रत्येक पानावर शेरा मारला. शेवटच्या पानावर लिहिलं, 'याला म्हणतात बघणं.'

पोरगी पास होऊन गेली. मधे एकदा तिचा निरोप आला की ती काहीतरी सुरू करतेय, आभारात माझा फोटो घालायचा आहे, पाठवाल का. मी त्यातल्या त्यात बरा फोटो शोधून पाठवला. केस जास्त दिसत होते त्यात.

मागच्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला.

"फोटो छान आलाय तुझा," ती म्हणाली.

"कुठला?"

"पत्रकावरचा. हॉस्पिटलात वाटतायत. बारा प्रकारांत कुठल्याही पायाला बूट, चार दिवसांत घरपोच. खाली तुझा फोटो, मार्गदर्शक म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तीन आठवडे झाले, डॉक्टरीणबाईंकडून एक चिठ्ठी आलेली नाही," ती म्हणाली. "मला वाटलं त्या रजेवर असतील. काल मीच गेले बघायला. तर तुझ्या त्या पोरीच्या कंपनीनं पाय बघायचं मशीन बसवलंय, आणि त्या मशीनशेजारी ही पत्रकं. धाकट्या, त्यात लिहिलंय की सहाशे पायांच्या अभ्यासावरून. ते सहाशे पाय कुणाचे रे?"

"ताई, शप्पथ, मला यातलं काहीच माहीत नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिनं माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. ते मला आजही सहन होत नाही.

पुढचं तिनंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंशी ती स्पष्ट बोलली होती. माझ्या फायलींचे फोटो काढायला मी कुणालाही परवानगी दिलेली नाही, असं सांगितलं होतं. बाई चपापल्या होत्या. पुढच्या मंगळवारी त्यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं होतं. परवानगी नव्हती असं ठरलं तर नव्या कंपनीशी केलेला करार रद्द आणि चिठ्ठ्या पुन्हा ताईकडे. परवानगी होती असं निघालं तर बोलणंच खुंटलं आणि दुकान बंद.

"तू ये आणि एवढंच सांग, की ताईनं कुठल्याही कागदावर सही केलेली नाही," ताई म्हणाली. "तुझं ऐकतील. तू शिकलेला आहेस."

मी त्याच दुपारी पेन्सिलच्या ऑफिसात गेलो. केसानं गळा कापला कार्टीनं, एवढंच मनात घोळत होतं. रस्त्यात मी तिला काय काय सुनवायचं त्याची उजळणी केली. पाच महिने जिच्या हातचा चहा प्यायलीस तिच्याच पोटावर पाय द्यायला लाज नाही वाटली? हे वाक्य मला विशेष जमलेलं वाटलं.

ऑफिस कसलं, एक लांबट खोली. भिंतीला पातळ फळ्यांचं कपाट आणि त्यात सारख्या आकाराचे तळवे, एकावर एक रचलेले, एक ते बारा आकडे घातलेले. पेन्सिल मला बघून उठून उभी राहिली. खरंच आनंदानं उठली. खुर्ची पुसून दिली.

"मीच येणार होते, सर. तुम्हाला दाखवायचं होतं सगळं."

"ताईला विचारलंस?"

"मावशींना कामावर घ्यायची माझी तयारी आहे," ती म्हणाली. "तिन्ही काकूंनाही. सर, मावशींकडे माणसाला तीन आठवडे थांबावं लागतं. त्यांच्या हातून वर्षाला शंभर सव्वाशे जोड होतात. आम्ही एका महिन्यात तेवढे केले. तुम्हीच म्हणायचात ना, चांगलं काम एका खोलीत कोंडून ठेवणं हाही अन्यायच."

म्हणायचो. शेवटच्या तासाला म्हणायचो, आवाज थोडा खाली आणून.

"बारा प्रकारांत सहाशे पाय बसतात?" मी विचारलं.

"जवळजवळ सगळे."

"आणि जे नाही बसत?"

तिनं कपाटाकडे बघितलं. "ते मावशींकडे जाऊ शकतात," ती म्हणाली.

"दुकान राहिलं तर जातील. मी काय विचारलं तुला? ताईची परवानगी घेतलीस का?"

"परवानगी आहे ना, सर." तिला खरोखरच नवल वाटलं होतं. तिनं टेबलाच्या खणातून एक कागद काढला. कॉलेजचं संमतीपत्र. 'कार्यशाळेतील नोंदी, मापे व कामाची पद्धत सदर विद्यार्थ्यास वापरण्यास आमची संमती आहे.' खाली ताईचं नाव, त्यापुढे 'च्या वतीने', आणि त्याखाली माझी झोकदार सही.

आता हे सांगायलाच हवं. कॉलेजचा नियमच आहे, की विद्यार्थी जिथं बसतो तिथल्या मालकाची संमती लागते. पहिल्या वर्षी मी तो कागद ताईकडे घेऊन गेलो होतो. तिनं तो मला मोठ्यानं वाचायला लावला, एकेक ओळ. प्रत्येक ओळीला, याचा अर्थ काय, उद्या काय होऊ शकतं, असं विचारत बसली. तास गेला. शेवटी तिनं माझ्याच पेनानं 'नोंदी, मापे' ही ओळ खोडली. "पाय लोकांचे आहेत, मी कोण देणार?" म्हणाली. मला पुढं मीटिंगला पोचायला उशीर झाला आणि खोडलेला कागद चालत नाही म्हणून ऑफिसनं मला सुनावलं ते वेगळंच. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून दुसऱ्या वर्षापासून मीच सही करायला लागलो. घरचंच तर होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"ही सही..." मी म्हणालो आणि थांबलो.

"तुमची आहे," पेन्सिल म्हणाली. "मी समोरच उभी होते, सर. मी म्हणाले होते, मी आत्ता मावशींकडेच चाललेय, त्यांची सही घेऊन येते. तुम्ही म्हणालात, कशाला उगाच, तिला काय विचारायचं." तिच्या आवाजात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं. "मी ते वहीत पण लिहिलं होतं. तुम्ही सांगितलं होतं, दिसेल ते लिहा."

जमलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. निघताना ती दारापर्यंत आली आणि पुढच्या वर्षीची मुलं तिच्याकडे बसायला पाठवाल का, असं तिनं विचारलं.

मंगळवारला अजून सात दिवस होते. सातही दिवस मी ताईला सांगायचं ठरवत होतो. दोनदा दुकानात गेलो. एकदा ती एका म्हाताऱ्या शिक्षकाच्या बुटात भुकटी टाकत होती, म्हणून राहिलं. दुसऱ्यांदा ती रिकामीच बसली होती आणि तरी राहिलं. तिन्ही बायका मला पाणी द्यायला धावल्या. "भाऊ येणार आहेत मंगळवारी, मग काय काळजी," त्यांतली एक म्हणाली. ताई हसली. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

मंगळवारी आम्ही दोघं बसनं गेलो. ताईनं ठेवणीतली साडी नेसली होती. बसमध्ये ती म्हणाली, "तू असलास की मला बोलावं लागत नाही, बरं वाटतं." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पण तोवर माझं ठरलं होतं. मी सगळ्यांसमोर खरं सांगणार होतो. कॉलेजात कळलं तर नोकरीवर येईल हे माहीत असूनही सांगणार होतो. त्या विचारानं मला आतून थोडं उंच झाल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. चार खुर्च्या, एक तपासायचं टेबल, भिंतीवर पायाच्या हाडांचं चित्र. पेन्सिलनं संमतीपत्र त्यांच्यापुढे सरकवलं. बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"ही सही तुमची?"

"माझी," मी म्हणालो. "ताईला मी विचारलं नव्हतं. चूक माझी आहे. या मुलीची नाही आणि ताईची तर नाहीच."

मी ताईकडे बघितलं नाही, पण तिचा श्वास ऐकू आला. पेन्सिल खाली बघत होती. चांगलं बोललो, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा हातात घेतला. "तुम्ही भाऊ-बहीण आहात," त्या म्हणाल्या. "घरात एकमेकांच्या वतीनं सह्या होतात, हे मी समजू शकते. म्हणून मला यांना विचारावं लागेल." त्या ताईकडे वळल्या. "घाई नाही, विचार करून सांगा. तुमच्या वतीनं सही करायची मुभा तुम्ही भावाला दिली होती का? तोंडी दिली असली तरी चालेल. दिली असेल तर हा कागद खरा आणि करार राहील. नसेल तर मी तो आज रद्द करते. पण मग सही खोटी ठरते आणि मला कॉलेजला तसं कळवावं लागेल."

आता मनातलं सांगतो, कारण त्याशिवाय हे सांगण्यात अर्थ नाही. ताई 'दिली होती' म्हणेल असं मला वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, खात्री होती. आपलेच दात, आपलेच ओठ. जिनं माझी फी भरली, माझ्या पहिल्या मुलाखतीला स्वतःच्या हातानं बूट शिवून दिले, ती मला चार परक्या माणसांत तोंडघशी पाडणार नाही, या भरवशावर मी कबुली दिली होती. मी खरं बोलेन, ती मला झाकून घेईल, दुकान जाईल, आणि मी जन्मभर तिचं काहीतरी देणं लागत राहीन. इतकं सगळं माझ्या मनात तयार होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

ताईनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी माझा चेहरा जसा असायला हवा तसा ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "नव्हती दिली. पहिल्या वर्षी मी ती ओळ खोडली होती. त्याच्या समोर खोडली. त्याला माहीत होतं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. पेन्सिल आपले कागद गोळा करायला लागली. तिच्या हातातून एक पान पडलं, ते ताईनं उचलून दिलं.

जिन्यावर मला राग आला. कुणाला पटणार नाही, पण आला. दुकान वाचलं होतं, चौघींचं काम वाचलं होतं, आणि सगळं खरं होतं, तरीही माझ्या मनात एकच होतं, की माझ्या ताईनं मला दगा दिला. दोन मजले मी भराभर उतरलो. ताई माझ्या मागून येत होती. मधल्या वळणावर मी थांबलो.

"तू मला सांभाळून घेशील असं वाटलं होतं," मी म्हणालो.

ताई माझ्या वरच्या पायरीवर उभी होती. तिचा चेहरा रडून झाल्यावर असतो तसा होता, पण ती रडली नव्हती.

"मलाही तुझ्याबद्दल तेच वाटायचं," ती म्हणाली, आणि कठडा धरून, मला वळसा घालून, एकेक पायरी खाली उतरायला लागली.